सी भाषेतला कोड कधी कंपाइल व्हावा, हे आपल्या हातात कसं ठेवायचं

रात्री अडीचच्या सुमाराला एक सेवा बंद पडली. लॉगची शेवटची ओळ सांगत होती की जीसीसी (सी कोड कंपाइल करणारा प्रोग्राम, म्हणजे कंपायलर) ही कमांड सापडत नाही. कोडमध्ये त्या दिवशी एका अक्षराचाही बदल झाला नव्हता. सर्व्हरवरचं पायथन तेवढं ३.६ वरून ३.७ वर नेलं होतं.

त्या प्रोग्राममध्ये सी भाषेतलं पंचवीसेक ओळींचं एक फंक्शन होतं. मॉड्यूल इम्पोर्ट झालं की ते स्वतःच सी कोड कंपाइल करून (म्हणजे मशीनला कळेल अशा रूपात बदलून) घ्यायचं आणि तयार झालेली .एसओ फाइल कॅश डिरेक्टरीत, म्हणजे पुढच्या वेळेसाठी साठवायच्या जागेत, ठेवायचं. सर्व्हरवर कंपायलर कधीच नव्हता. माझ्या लॅपटॉपवरची कॅश डिरेक्टरी कोडबरोबर चुकून कॉपी झाली होती आणि तिच्या जिवावर दीड वर्ष सगळं सुरळीत चाललं. पायथनची आवृत्ती बदलली, कॅशमधली नोंद जुळेना, म्हणून प्रोग्राम कंपायलर शोधायला निघाला आणि तिथेच अडला.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो. कंपाइल अशा वेळी व्हावं, जेव्हा ते फसलं तर लगेच दिसेल आणि ते दुरुस्त करू शकणारा माणूस समोर बसलेला असेल. हा नियम प्रत्यक्षात कसा आणायचा, ते पुढे पायरीपायरीने लिहिलं आहे. मुख्य उदाहरण पायथनमधून सी कोड कॉल करण्याचं आहे आणि त्यासाठी सीएफएफआय ही लायब्ररी घेतली आहे, कारण कंपाइलच्या जवळजवळ सगळ्या वेळा तिच्यात निवडता येतात. फंक्शनांची आणि पर्यायांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, अंडरस्कोर जिथे आहे तिथे तसाच ठेवला आहे.

आधी शब्द पक्के करू

दुसऱ्या भाषेतला कोड चार वेगवेगळ्या वेळी कंपाइल होऊ शकतो. एक, प्रोग्राम चालू असताना, म्हणजे इम्पोर्ट होताना किंवा फंक्शन पहिल्यांदा कॉल होताना. दोन, तुम्ही स्वतः बिल्डची कमांड देता तेव्हा. तीन, कोणी तुमचं पॅकेज इन्स्टॉल करतो तेव्हा, त्याच्या मशीनवर. चार, तुम्ही पॅकेज प्रसिद्ध करता तेव्हा, तुमच्या बिल्ड मशीनवर. चौथ्या प्रकारात वापरणाऱ्याला फक्त तयार बायनरी मिळते, त्याला कंपायलरची गरजच पडत नाही.

घोळ होतो तो बहुतेक वेळा पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारात. लिहिणाऱ्याच्या मशीनवर कंपायलर असतोच, त्यामुळे कोड आता कंपाइल झाला हे त्याच्या लक्षातही येत नाही.

पायरी १: सध्या कधी कंपाइल होतंय ते पकडा

अंदाज बांधत बसू नका, कंपायलर मोडून बघा. लिनक्स आणि मॅकवर ‘फॉल्स’ नावाची एक कमांड असते. ती काहीही करत नाही, फक्त अपयशाचा कोड परत देते. कोणता कंपायलर वापरायचा ते सांगणाऱ्या सीसी या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये तिचं नाव टाका, जुन्या .एसओ फाइली आणि कॅश डिरेक्टरी बाजूला हलवा, आणि मग एकेक गोष्ट करून बघा: इन्स्टॉल, इम्पोर्ट, पहिला कॉल. पायथन पॅकेज बिल्ड करणारं सेटअपटूल्स हे साधन सीसी व्हेरिएबल मानतं, त्यामुळे ज्या क्षणी कंपाइल सुरू होईल त्याच क्षणी ‘फॉल्स’ अपयशी झाल्याची तक्रार स्क्रीनवर येईल. एरर आली ती जागा म्हणजेच तुमचं उत्तर.

यात एक खाचखळगा आहे. पॅकेज इन्स्टॉल करणारं पिप एकदा तुमच्या मशीनवर बिल्ड केलेलं व्हील (इन्स्टॉलला तयार असलेली पॅकेजची फाइल) स्वतःच्या कॅशमध्ये ठेवतं आणि पुढच्या वेळी तेच काढून देतं. म्हणून ही चाचणी करताना ‘नो-कॅश-डिर’ हा पर्याय द्यायला विसरू नका, नाहीतर सगळं ठीक असल्याचा भास होईल.

दुसरं साधन वेळेचं. पायथन ३.७ पासून इंटरप्रिटरला मोठ्या एक्सचा ‘इम्पोर्टटाइम’ हा पर्याय देता येतो आणि प्रत्येक मॉड्यूलला किती मायक्रोसेकंद लागले ते छापून येतं. एखाद्या मॉड्यूलला पहिल्या खेपेस चार सेकंद आणि दुसऱ्या खेपेस चार मिलिसेकंद लागत असतील, तर तिथे आत कुठेतरी कंपायलर चाललाय असं समजायला हरकत नाही.

पायरी २: कंपाइलची गरज तरी आहे का ते ठरवा

हवी ती सी लायब्ररी मशीनवर आधीच तयार स्वरूपात असेल, तर तुम्हाला काहीच कंपाइल करावं लागत नाही. सीएफएफआयमध्ये याला एबीआय मोड म्हणतात (एबीआय म्हणजे आधीच कंपाइल झालेल्या कोडशी थेट बोलायची पद्धत). ‘सीडेफ’मध्ये फंक्शनांची घोषणा लिहायची, ‘डीएलओपन’ने लायब्ररी उघडायची, आणि कॉल करायचा. पायथनच्या स्वतःच्या सीटाइप्स मॉड्यूलचा रस्ताही हाच.

ऐकायला हे फार सोयीचं वाटतं, पण त्याची किंमत नीट समजून घ्या. तुम्ही लिहिलेली घोषणा खऱ्या हेडर फाइलशी (लायब्ररीच्या मूळ घोषणा असलेल्या फाइलशी) ताडून बघणारं इथे कोणीच नसतं. स्ट्रक्टमधला (अनेक फील्ड एकत्र ठेवणाऱ्या रचनेतला) एक फील्ड चार बाइटचा आहे असं तुम्ही लिहिलंत आणि लायब्ररीच्या नव्या आवृत्तीत तो आठ बाइटचा झाला, तर एरर येणार नाही. चुकीचे आकडे येतील किंवा प्रोग्राम कोसळेल, तोही भलत्याच ठिकाणी. सीएफएफआयच्या दुसऱ्या, म्हणजे एपीआय मोडमध्ये मात्र खरा सी कंपायलर तुमची घोषणा आणि हेडर एकमेकांशी पडताळतो. तिथे स्ट्रक्टमधले नको असलेले फील्ड तीन टिंबं देऊन सोडूनही देता येतात, उरलेला हिशोब कंपायलर करतो. कंपायलर टाळला की त्याची पहारेदारीही गेली. म्हणून लायब्ररी स्थिर असेल आणि दोनचार साधी फंक्शनं हवी असतील तरच मी एबीआय मोड घेतो, एरवी नाही.

पायरी ३: बिल्डचा कोड वेगळ्या फाइलमध्ये न्या

हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी. इथे दोन प्रकारचा कोड वेगळा झाला की बाकीच्या पायऱ्या जवळजवळ आपोआप जमतात.

समजा आपलं ‘चेकसम’ नावाचं पॅकेज आहे. त्यात सीमधलं एक फंक्शन बाइट्सचा पट्टा घेतं आणि एक संख्या परत देतं. पॅकेजच्या डिरेक्टरीबाहेर, तिच्या शेजारी, ‘बिल्ड_चेकसम’ नावाची एक पायथन फाइल बनवा. तिच्यात क्रमाने एवढंच ठेवायचं:

सीएफएफआयमधून एफएफआय क्लास घेऊन त्याची ‘एफएफआयबिल्डर’ नावाची वस्तू बनवा. ‘सीडेफ’ला फंक्शनची घोषणा द्या. मग ‘सेट_सोर्स’ कॉल करा. त्याचा पहिला आर्ग्युमेंट म्हणजे तयार होणाऱ्या मॉड्यूलचं पूर्ण नाव, पॅकेजच्या नावासकट आणि मध्ये टिंब देऊन: ‘चेकसम’ टिंब ‘_चेकसम’. नाव असं टिंबासकट दिलं की .एसओ फाइल पॅकेजच्या आतच पडते. दुसरा आर्ग्युमेंट म्हणजे सी कोडची स्ट्रिंग. तिच्यात प्रत्यक्ष फंक्शन न लिहिता फक्त हेडर इन्क्लूड करा. खरं फंक्शन वेगळ्या सी फाइलमध्ये ठेवा आणि ‘सोर्सेस’ या आर्ग्युमेंटमध्ये तिचं नाव द्या. सी कोड पायथनच्या स्ट्रिंगमध्ये कोंबला की एडिटर त्याला सी म्हणून ओळखत नाही आणि एररमधले ओळींचे आकडेही जुळत नाहीत. हा त्रास मी बराच काळ विनाकारण सोसला आहे.

सगळ्यात शेवटी नेहमीची अट लिहा: फाइल थेट चालवली असेल, म्हणजे ‘नेम’ हे ‘मेन’ असेल, तरच ‘एफएफआयबिल्डर’चं ‘कंपाइल’ कॉल व्हावं, ‘व्हर्बोस’ ट्रू ठेवून. ही अट म्हणजे आपल्या हातातली पहिली खरी चावी. बिल्ड फाइल कोणी नुसती वाचली तर कंपाइल होत नाही, मुद्दाम चालवली तरच होतं.

आता पॅकेजच्या आतल्या कोडकडे या. तिथे फक्त एक ओळ हवी: ‘_चेकसम’ मॉड्यूलमधून ‘एफएफआय’ आणि ‘लिब’ इम्पोर्ट करा. त्यानंतर ‘लिब’ टिंब फंक्शनचं नाव, बस. पॅकेजमधल्या कोणत्याही फाइलने बिल्ड फाइल इम्पोर्ट करता कामा नये. एका जागी जरी केली, तरी प्रोग्राम चालतानाचा आणि बिल्डचा कोड पुन्हा एकमेकांत मिसळला असं समजा.

जुन्या कोडमध्ये तुम्हाला ‘व्हेरिफाय’ नावाचं फंक्शन दिसेल. ते इम्पोर्टच्या वेळीच कंपाइल करायचं आणि तयार फाइल पायकॅश डिरेक्टरीत ठेवायचं. २०१५ साली सीएफएफआय १.० आलं, त्याबरोबर ‘सेट_सोर्स’ आलं आणि ‘व्हेरिफाय’ मागे पडलं. तुमच्या कोडमध्ये ते अजून असेल तर सगळ्यात आधी तेच काढा.

आणखी एक बारीक गोष्ट. पायथन ३.१२ मधून डिस्टयुटिल्स हे जुनं बिल्ड मॉड्यूल काढून टाकलं आहे आणि सीएफएफआयचं ‘कंपाइल’ आतून त्याच्यावर विसंबून होतं. त्यामुळे नव्या पायथनवर बिल्ड करताना सेटअपटूल्स इन्स्टॉल असावं लागतं. प्रोग्राम चालवायला ते लागत नाही. ते फक्त बिल्डसाठी लागतं, हेही वेगळं लक्षात ठेवा.

पायरी ४: बदल झाला की पुन्हा कंपाइल, नाहीतर नाही

काम करताना सी फाइल बदलली की बिल्ड फाइल हाताने चालवायची, इतकं साधं ठेवलं तरी चालतं. पण प्रोजेक्ट मोठं झालं की सेटअपटूल्सच्या ‘बिल्ड_एक्स्ट’ या कमांडवर जावं लागतं, आणि तिथे एक जुनं दुखणं आहे. ते फाइलींच्या बदलाची वेळ बघून ठरवतं, आणि तीही फक्त ‘सोर्सेस’ आणि ‘डिपेंड्स’ या दोन यादींतल्या फाइलींची. हेडर फाइल ‘डिपेंड्स’मध्ये नसेल, तर तुम्ही हेडरमध्ये स्ट्रक्टचा आकार बदललात तरी त्याला पत्ता लागत नाही. जुनीच ऑब्जेक्ट फाइल जोडली जाते आणि तुम्ही तासभर नसलेली चूक शोधत बसता. तेव्हा प्रत्येक हेडर ‘डिपेंड्स’मध्ये लिहा. शंका आली की ‘फोर्स’ पर्याय देऊन सगळं नव्याने बिल्ड करा.

एडिटेबल इन्स्टॉल (पॅकेज कॉपी न करता थेट सोर्स डिरेक्टरीतून वापरणं) केलं की सी कोडसुद्धा आपोआप ताजा राहतो, असा बऱ्याच जणांचा समज असतो. सेटअपटूल्सबरोबर तसं होत नाही. पायथनचे बदल लगेच दिसतात, सीचे बदल पुन्हा बिल्ड केल्यावरच. मेसॉन-पायथन हा बिल्ड बॅकएंड मात्र एडिटेबल इन्स्टॉलमध्ये इम्पोर्टच्या वेळी बदल तपासून पुन्हा बिल्ड करतो. काम करताना ही सोय छान आहे, कारण तेव्हा एरर वाचायला तुम्ही तिथे असता. म्हणजे इम्पोर्टच्या वेळी कंपाइल होणं मुळातच चूक आहे असं नाही, ते कोणाच्या समोर होतं त्यावर सगळं ठरतं.

पायरी ५: इन्स्टॉलच्या वेळचं कंपाइल नीट लावा

सेटअप फाइलमध्ये ‘सीएफएफआय_मॉड्यूल्स’ ही यादी द्या. तिच्यात बिल्ड फाइलचा पथ, मग अपूर्णविराम, मग ‘एफएफआयबिल्डर’ हे नाव. इन्स्टॉल होताना सेटअपटूल्स ती फाइल वाचतं आणि कंपाइल स्वतः करतं. त्या वेळी ‘नेम’ हे ‘मेन’ नसतं, म्हणून आपण लावलेल्या अटीमुळे दोनदा कंपाइल होत नाही.

पायप्रोजेक्ट फाइलच्या बिल्ड-सिस्टिम विभागात सेटअपटूल्स आणि सीएफएफआय दोन्ही लिहा. पिप बिल्डसाठी वेगळं, रिकामं वातावरण तयार करतं आणि तुमच्या मशीनवर आधीपासून इन्स्टॉल असलेलं सीएफएफआय तिथे दिसत नाही. शिवाय नेहमीच्या डिपेंडन्सींच्या यादीतही सीएफएफआय हवंच, कारण तयार मॉड्यूल चालताना त्याच्या बॅकएंडवर अवलंबून असतं. एकाच लायब्ररीचं नाव दोन ठिकाणी लिहायचं, कारण ती दोन वेगळ्या वेळी लागते.

हेडर फाइल मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे सोर्स पॅकेजमध्ये जाणाऱ्या फाइलींच्या यादीत, नोंदवा. सोर्स पॅकेजमध्ये सी फाइल जाते पण हेडर मागेच राहतं, हा अपघात इतका नेहमीचा आहे की प्रसिद्ध करण्याआधी मी सोर्स पॅकेज उलगडून, दुसऱ्याच डिरेक्टरीत नेऊन, तिथून बिल्ड करून बघतो.

सी कोड फक्त वेगासाठी असेल आणि तेच काम करणारा शुद्ध पायथनचा पर्याय तुमच्याकडे असेल, तर एक्स्टेन्शनला, म्हणजे पॅकेजच्या या कंपाइल होणाऱ्या भागाला, ‘ऑप्शनल’ ठरवता येतं. मग कंपाइल फसलं तरी इन्स्टॉल पूर्ण होतं. ही सोय जपून वापरा. पर्यायावर घसरण्याचा कोड लिहिताना ‘इम्पोर्टएरर’ सरसकट पकडू नका. फाइलच नसेल तर ‘मॉड्यूलनॉटफाउंडएरर’ येतो, तेवढाच पकडा. फाइल आहे पण लोड होत नाही, एखादं सिम्बॉल सापडत नाही, अशा वेळी साधा ‘इम्पोर्टएरर’ येतो, आणि तो वर जाऊ द्यायला हवा. दोन्ही एकाच जाळ्यात पकडले तर मोडलेलं बिल्ड महिनोन्‌महिने लपून राहतं आणि लोक म्हणतात की प्रोग्राम हल्ली हळू चालतो.

पायरी ६: कंपाइल पूर्णपणे तुमच्याकडे ओढून घ्या

वापरणाऱ्याच्या मशीनवर कंपायलर असेल ही अपेक्षाच सोडून देता येत असेल, तर जरूर सोडा. ‘पिप व्हील’ कमांडने व्हील बनवा. व्हीलच्या फाइलच्या नावातच ते कोणत्या पायथनसाठी, कोणत्या एबीआयसाठी आणि कोणत्या प्लॅटफॉर्मसाठी आहे हे लिहिलेलं असतं. ते वाचायची सवय लावून घ्या, इन्स्टॉलच्या निम्म्या तक्रारींचं उत्तर त्या नावातच असतं.

लिनक्सवर एक पायरी जास्त आहे. तुमच्या नव्याकोऱ्या डिस्ट्रिब्युशनवर बनवलेली .एसओ फाइल जुन्या ग्लिबसीवर (लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीवर) चालत नाही. म्हणून जुनी ग्लिबसी असलेल्या मेनीलिनक्स इमेजमध्ये बिल्ड करायचं आणि मग ‘ऑडिटव्हील रिपेअर’ चालवायचं. ते बाहेरच्या लायब्ररी व्हीलच्या आत भरतं आणि टॅग तपासतं. अल्पाइनसारख्या, ग्लिबसीऐवजी मसल ही सी लायब्ररी वापरणाऱ्या सिस्टिमवर मेनीलिनक्स व्हील चालत नाही, तिथे मसललिनक्स टॅगचं वेगळं व्हील लागतं. हे सगळं प्रत्येक पायथन आवृत्तीसाठी हाताने करत बसू नका, सीआयबिल्डव्हील हे साधन त्याचसाठी आहे.

आता सर्व्हरच्या बाजूने कुलूप लावा. तिथे इन्स्टॉल करताना पिपला ‘ओन्ली-बायनरी’ पर्याय द्या आणि त्याला ‘ऑल’ ही किंमत, दोन्ही बाजूंना अपूर्णविराम लावून. मग योग्य व्हील मिळालं नाही तर पिप गुपचूप सोर्स आणून कंपाइल करायला बसत नाही, सरळ थांबतं. माझ्या त्या रात्रीच्या बाबतीत हा दिवसाढवळ्या, डिप्लॉयच्या वेळीच, लाल अक्षरांत आलेला नकार असता.

कंटेनर वापरत असाल तर दोन टप्प्यांची इमेज करा: पहिल्या टप्प्यात कंपायलर आणि हेडरं, दुसऱ्यात फक्त व्हील. दोन्ही टप्प्यांची मूळ इमेज एकाच कुटुंबातली ठेवा. पहिला टप्पा ग्लिबसीचा आणि दुसरा मसलचा असेल तर व्हील तिथे चालणार नाही.

पायरी ७: प्रोग्राम चालतानाच कंपाइल करणं भाग असेल तर

कधीकधी दुसरा इलाजच नसतो. वापरणारा स्वतःचं सूत्र लिहितो, तुम्ही त्याचा सी कोड बनवता, तो आधी कंपाइल करून ठेवणं शक्यच नाही. अशा वेळी कॅश लागते, आणि कॅश नीट लिहिणं हे वाटतं त्यापेक्षा बरंच कठीण काम आहे.

पहिली गोष्ट, कॅशची की, म्हणजे जिच्यावरून कॅशमधली नोंद शोधायची ती खूण. नुसत्या सी कोडचा हॅश (मजकुरातून काढलेली, ठशासारखी संख्या) पुरत नाही. त्याच्याबरोबर कंपायलरचे सगळे फ्लॅग, कंपायलरची आवृत्ती, इन्क्लूड केलेल्या स्वतःच्या हेडर फाइलींचा मजकूर, आणि पायथनचा एक्स्टेन्शन प्रत्यय एकत्र करा. हा प्रत्यय ‘सिसकॉन्फिग’ मॉड्यूलमधून ‘एक्स्ट_सफिक्स’ या नावाने मिळतो आणि त्यात पायथनची आवृत्ती आणि प्लॅटफॉर्म दोन्ही येतात. या सगळ्यांचा मिळून एसएचए-२५६ काढा आणि तोच मॉड्यूलच्या नावात घाला. नावात हॅश असण्याचा आणखी एक फायदा आहे. एकदा लोड झालेली .एसओ फाइल त्याच नावाने त्याच प्रोसेसमध्ये पुन्हा लोड करायला गेलं तर जुनीच हातात येते. नाव बदललं की तो प्रश्न उरत नाही.

कंपायलरच्या ‘मार्च’ (एम-आर्च, म्हणजे मशीनची रचना) या पर्यायाला ‘नेटिव्ह’ देणाऱ्या फ्लॅगपासून सावध राहा. तो फ्लॅग कंपायलरला सांगतो की याच प्रोसेसरच्या सगळ्या सूचना वापर. फ्लॅगचा मजकूर सगळीकडे सारखाच दिसतो, पण त्यातून निघणारा कोड मशीनप्रमाणे बदलतो. कॅश डिरेक्टरी नेटवर्क ड्राइव्हवर असेल आणि दोन मशीनचे प्रोसेसर वेगळे असतील, तर जुन्या मशीनवर प्रोग्राम ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणत मरतो. हा फ्लॅग हवाच असेल तर प्रोसेसरची ओळखही कीमध्ये घाला.

दुसरी गोष्ट, एकाच वेळी आलेल्या अनेक प्रोसेस. आठ वर्कर एकदम सुरू झाले, आठांनाही कॅश रिकामी दिसली, आठही एकाच नावाची फाइल लिहायला बसले. एकाने अर्धी लिहिलेली फाइल दुसऱ्याने लोड केली की तो कोसळला. यावर उपाय असा: कॅश डिरेक्टरीच्याच आत एक तात्पुरती डिरेक्टरी बनवा, तिथे पूर्ण कंपाइल करा, आणि मग ‘ओएस’ मॉड्यूलच्या ‘रिप्लेस’ने तयार फाइल तिच्या खऱ्या नावावर हलवा. एकाच फाइलसिस्टिममध्ये हे नाव बदलणं अखंड होतं. बघणाऱ्याला एकतर फाइल दिसत नाही किंवा पूर्ण दिसते, मधली अवस्था दिसतच नाही. तात्पुरती डिरेक्टरी दुसऱ्या फाइलसिस्टिमवर असेल तर ही हमी जाते, म्हणून ती कॅशच्या आतच हवी. आणि अस्तित्वात असलेल्या .एसओ फाइलवर थेट कधीही लिहू नका, ती वापरणाऱ्या चालू प्रोसेस कोसळू शकतात.

आठ जणांनी तेच काम आठदा करू नये म्हणून लॉक घालता येतं. लॉक म्हणून नुसती एक फाइल बनवून ‘ती आहे म्हणजे कोणीतरी काम करतंय’ असं मानू नका. मधेच प्रोसेस मारली गेली तर ती फाइल तशीच राहते आणि पुढचे सगळे कायमचे थांबून बसतात. पायटॉर्च या लायब्ररीची सी++ एक्स्टेन्शनं चालतानाच कंपाइल करणाऱ्यांना हा अनुभव ओळखीचा असेल: काहीच होत नाही, एररही नाही, आणि कॅश डिरेक्टरीतली ‘लॉक’ नावाची फाइल पुसली की गाडी पुढे सरकते. त्याऐवजी ‘एफलॉक’ हे कर्नलचं लॉक वापरा. प्रोसेस कशीही मेली तरी कर्नल ते लॉक स्वतः सोडतो.

तिसरी गोष्ट, कॅश डिरेक्टरीची जागा. सगळ्यांना लिहिता येईल अशी तात्पुरती डिरेक्टरी नको. .एसओ फाइल लोड करणं म्हणजे तिच्यातला कोड चालवणं, आणि तिथे दुसऱ्या कोणी फाइल आणून ठेवली तर तुम्ही त्याचा कोड स्वतःच्या अधिकाराने चालवाल. वापरणाऱ्याच्या स्वतःच्या कॅश डिरेक्टरीत, फक्त त्यालाच वाचता-लिहिता येईल अशा परवानगीने ठेवा.

आता नियंत्रणाचा भाग. एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ठेवा आणि त्याला तीन किमती द्या: ‘आपोआप’, ‘फक्त कॅश’ आणि ‘पुन्हा बनव’. ‘फक्त कॅश’ असताना हवी ती की सापडली नाही तर कंपायलरकडे न जाता लगेच स्पष्ट एरर द्यायची, आणि त्या एररमध्ये कोणती की शोधली, कुठे शोधली हे छापायचं. शिवाय कॅश आधीच भरून ठेवणारी एक वेगळी कमांड लिहा. डिप्लॉय करताना ती कमांड चालवायची आणि सर्व्हरवर ‘फक्त कॅश’ ठेवायचं. म्हणजे ज्या सूत्रांची माहिती आधीच आहे, ती सगळी तुमच्या डोळ्यांदेखत कंपाइल होतात.

पायरी ८: कंपाइल झालं म्हणजे तयार झालं असं नाही

आधी कंपाइल करण्याच्या नादात लोक अशी एक गोष्टही आधीच करून ठेवतात जी प्रोग्राम चालू झाल्यावरच करायची असते. जूलिया भाषेत हे फार स्वच्छ दिसतं. जूलिया मॉड्यूल प्रीकंपाइल करून डिस्कवर ठेवते. त्या मॉड्यूलच्या वरच्या स्तरावर तुम्ही पायकॉलने (जूलियातून पायथन वापरायची लायब्ररी) पायथनची नमपाय लायब्ररी इम्पोर्ट करून एका कॉन्स्टंटमध्ये ठेवलंत, तर प्रत्यक्षात तुम्ही पायथनच्या मेमरीतला एक पॉइंटर साठवलात. पुढच्या वेळी मॉड्यूल कॅशमधून उघडतं तेव्हा ती मेमरी कधीच संपलेली असते. म्हणून तिथे आधी ‘पायनल’ने रिकामी जागा करून ठेवतात आणि मॉड्यूलच्या ‘इनिट’ फंक्शनमध्ये, म्हणजे प्रत्येक लोडच्या वेळी, ती भरतात. सीच्या लायब्ररीचे हँडल, उघडलेल्या फाइली, थ्रेड, एन्व्हायर्नमेंटमधून वाचलेल्या किमती, या सगळ्यांना हाच न्याय लावा. कंपाइल लवकर करा, पण पॉइंटर आणि जोडण्या मात्र प्रोग्राम सुरू झाल्यावरच.

बाकीच्या भाषांत हीच चावी कुठे आहे

पर्ल भाषेत इनलाइन-सी वापरताना ‘यूज’ने लिहिलेला सी कोड पर्लच्या स्वतःच्या कंपाइल टप्प्यातच बांधला जातो, म्हणजे तुमची पहिली ओळ चालण्याच्याही आधी. तो नंतर हवा असेल तर ‘बाइंड’ हे फंक्शन वापरा, ते प्रोग्राम त्या ओळीवर आल्यावरच काम करतं. तयार फाइली कुठे जाव्यात ते ‘पर्ल_इनलाइन_डिरेक्टरी’ या व्हेरिएबलने ठरतं. आर भाषेत सी++ कोड जोडणाऱ्या आरसीपीपी लायब्ररीच्या ‘सोर्ससीपीपी’ची कॅश मुळात तात्पुरत्या डिरेक्टरीत असते, त्यामुळे सेशन संपलं की तीही जाते. कायमची हवी तर ‘कॅशडिर’ द्या, किंवा कोड पॅकेजच्या ‘एसआरसी’मध्ये नेऊन इन्स्टॉलच्या वेळी कंपाइल होऊ द्या.

गो भाषेत सी कोड जोडण्याच्या सोयीला सीजीओ म्हणतात. ‘सीजीओ_एनेबल्ड’ शून्य केलं की सीचा भाग पूर्ण बंद होतो. दुसऱ्या प्लॅटफॉर्मसाठी बिल्ड करताना तो आधीपासूनच बंद असतो. गोची बिल्ड कॅश सीजीओने जोडलेल्या बाहेरच्या सी लायब्ररीतले बदल ओळखत नाही, तेव्हा लायब्ररी बदलली की ‘ए’ हा पर्याय देऊन सगळं पुन्हा बिल्ड करा. रस्ट भाषेतली बिल्ड स्क्रिप्ट, तुम्ही काहीच सांगितलं नाही तर, पॅकेजमधली कुठलीही फाइल बदलली तरी पुन्हा चालते. ‘रीरन-इफ-चेंज्ड’ छापून तिला फक्त सीच्या फाइलींपुरतं बांधून ठेवा, बिल्डचा वेळ लगेच खाली येतो.

शेवटची तपासणी

सीआयमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलानंतर बिल्ड आणि चाचण्या आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेत, एक वेगळा जॉब ठेवा. त्याच्या मशीनवर कंपायलर अजिबात नको, आणि सीसीमध्ये ‘फॉल्स’ असू द्या. आधीच्या जॉबने बनवलेलं व्हील तिथे आणा, नव्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये ‘ओन्ली-बायनरी’ने इन्स्टॉल करा, आणि चाचण्या सोर्स डिरेक्टरीच्या बाहेरून चालवा. सोर्स डिरेक्टरीत उभं राहून इम्पोर्ट केलं तर पायथन इन्स्टॉल केलेल्या पॅकेजऐवजी शेजारचीच डिरेक्टरी उचलतं, आणि तिथे आधी बनवलेली .एसओ फाइल पडलेली असेल तर चाचणी खोटी पास होते. इम्पोर्टनंतर ‘_चेकसम’ मॉड्यूलचा फाइलपथ छापा आणि तो साइट-पॅकेजेसच्या आतलाच आहे, हे असर्टने तपासून घ्या.